पाटावरचं पाणी

एकाहत्तरच्या लढाईत माझ्या नवऱ्याचे दोन्ही डोळे गेले. लष्कराची गाडी चालवत असताना सुरुंग फुटला. पुण्याच्या इस्पितळातून त्यांना उंब्रजला घरी आणलं, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यातले बहुतेक दिवस ते सरहद्दीवर, मी सांगलीला माहेरी. हा माणूस मला धड ओळखीचाही नव्हता.

सोप्यात भिंतीकडं तोंड करून ते दिवसभर बसायचे. ताटातलं तसंच राहायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, घास करून तोंडापाशी न्यायच्या तर मान फिरवायचे. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पाणी द्यायला गेले तर माझा हात धरून अगदी शांतपणे म्हणाले, “मला हिरीपत्तुर न्हे. तितनं म्होरं माझं मी बघतो.”

विहिरीकडं ऊन उतरल्यावर जाऊ, असं काहीतरी मी बोलले आणि मागचं दार लावून त्याला पाठ टेकून बसले. त्या दिवसापासून एकच विचार डोक्यात राहिला, की यांच्या हातांना काहीतरी काम दिलं पाहिजे. हे शहाणपणानं सुचलं नाही, भीतीनं सुचलं. शेतातलं काम जमणार नव्हतं, आणि दोर वळायला दिला तर दोराचीच भीती वाटत होती. राहिला खेळ.

आधी वाघबकरी मांडली. जमिनीवर खडूनं रेघा, वाघांना खडे, बकऱ्यांना चिंचोके. त्यांचा हात फिरला की सगळं विस्कटायचं. तिसऱ्या डावाला त्यांनी तळहातानं सारं झाडून टाकलं आणि परत भिंतीकडं वळले. आत्याबाई मला म्हणाल्या, की माझ्या लेकाला पोरासारखं खेळवू नकोस. मी खडे-चिंचोके गोळा करून ठेवले.

घराला लागूनच आमचा ऊस होता. एकदा आमची पाण्याची पाळी चालू असताना हे सोप्यातून एकदम बोलले, “पाणी फुटलं. पल्याडच्या सरीत चाललंय.” मी पळत गेले तर खरंच बांध फुटला होता. आम्हा डोळसांना कुणाला कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी घरातला जेवायला बसायचा पाट उचलला आणि गावातल्या सुतारांकडं गेले. त्यावर कालव्यासारखी एक खोल रेघ कोरायची, तिला फाटे, फाट्यांना पुन्हा फाटे आणि शेवटी खळगे, म्हणजे वाफे, अर्धे एकाचे, अर्धे दुसऱ्याचे. फाट्याच्या तोंडाशी लाकडाची इवली दारं, काढता-घालता येणारी. वरच्या टोकाला एक टेकू, म्हणजे पाट उतरता राहील. सुतार म्हणाले, चांगला पाट वाया घालवतेस. पण त्यांनी कोरून दिला. सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छर्रे आणले. ते पाणी.

नियम मी चूल सारवताना, धुणं धुताना जमवत होते. एकानं एक दार हलवायचं, मग दुसऱ्यानं, मग वरून छर्रा सोडायचा. ज्याच्या वाफ्यात जाईल त्याचं रान भिजलं. पण दुसऱ्यानं दार हलवलं की पहिल्याचं सगळं फुकट जायचं. शेवटी हात लावणाराच जिंकायचा. एकटीच दोन्ही बाजूंनी खेळून मी रडकुंडीला आले. मग ठरवलं, समोरच्यानं आत्ताच हलवलेल्या दाराला हात लावायचा नाही. तेवढ्या एका बंधनानं खेळ उभा राहिला.

त्यांना खेळा म्हणाले नाही. त्यांच्याशेजारी पाट ठेवून मी आणि आत्याबाई खेळायला बसलो. लाकडातून छर्रा घरंगळत जायचा, वळणावर आवाज बदलायचा, मग वाफ्यात पडायचा. बराच वेळ झाला आणि पाठमोऱ्यानंच ते पुटपुटले, “डाव्या अंगाला गेला.”

पुढं ते खेळू लागले, थोडं जेवूही लागले. मला वाटलं, निभावलं. पण आत्याबाईंना लेकाचं हरणं बघवेना. त्या मुद्दाम चुकीचं दार उघडायच्या. यांना ते ऐकूनच कळलं. त्यांनी पाट उचलला आणि अंगणात फेकला. पाट उभा चिरला. “आंदळ्याला भीक घालताय व्हय?” एवढंच म्हणाले. मग कितीतरी दिवस ते पुन्हा भिंतीकडं. रात्री उठून मी त्यांचा श्वास चालू आहे का बघायची.

दुसरा पाट करायला सुतारांनी आढेवेढे घेतले, पण केला. आत्याबाईंना मी स्पष्ट सांगितलं, की जिंकता येत असेल तर जिंका, नाहीतर बसू नका. त्या डोळे पुसत बसल्या आणि पहिल्याच दिवशी लेकाला सपाटून हरवलं.

मग महिन्याभरात ते सारखेच जिंकायला लागले. मला शंका आली. त्यांना पाट बघायचा म्हणजे बोटांनी चाचपायचाच, त्याला नाही कोण म्हणणार? आणि चाचपताना ते अंगठ्यानं हळूच एखादं दार सरकवत होते. मी ते पाहिलं आणि गुपचूप आत जाऊन हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. लबाडी करावी इतकी जिंकायची हाव त्या माणसात परत आली होती. मग मी सुतारांकडून दारं गच्च बसणारी करून घेतली. काढलं की टक्‌ असा आवाज यायचा. हे म्हणाले, “लय शानी झालीस.”

असे काही पाट करून आम्ही पाचगणीला लाकडी खेळण्यांच्या दुकानात ठेवले. फिरायला आलेले लोक घेऊन जायचे, पण नियम न वाचता पोरांना द्यायचे आणि छर्रे हरवायचे. अंधांच्या एका शाळेनं मात्र मागवले, पुन्हा पुन्हा मागवले. मी त्यांच्यासाठी आणखी दोन खेळ बसवले. लोक मला खेळवाली म्हणू लागले. तरी घरी वाईट दिवस यायचेच. पाट दिवसेंदिवस कोनाड्यात पडून राहायचा आणि हे भिंतीकडं.

दशक सरत आलं तेव्हा सांगलीहून भावाचा निरोप आला, की एक नवाच खेळ बघायला ये. तो रेडिओ दुरुस्त करायचा. आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकानं टीव्ही आणि त्याला जोडायची खेळाची पेटी दुरुस्तीला टाकली होती. सांगलीत तेव्हा प्रक्षेपण पोचत नव्हतं, टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या, त्यामुळं त्यावर दिसणारं एकमेव चित्र म्हणजे तो खेळ. हातातला खटका फिरवून वर-खाली करायच्या दोन उभ्या पट्ट्या, मध्ये धावणारा पांढरा ठिपका, म्हणजे चेंडू. ठिपका पट्टीला लागला की टिक्‌ वाजायचं. मी वेड्यासारखी बघत राहिले. वाजतं म्हणजे यांनाही खेळता येईल, असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं यांना घेऊन आले.

त्यांनी खटका फिरवला, कान दिला. टिक्‌ वाजायचं ते चेंडू लागल्यावर. तो येतोय कुठून, वरून की खालून, याचा काही पत्ता नाही. एकही चेंडू लागला नाही. खटका खाली ठेवून ते म्हणाले, “हितं बी मी आंदळाच.” मीच त्यांना तिथं आणून बसवलं होतं. उंब्रजला घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

मी परत सांगलीला गेले आणि भावाच्या मागं लागले. ठिपका वर गेला की सूर बारीक व्हायला हवा, खाली आला की जाड. पट्टीचा आवाज नको, ती हाताला कळते. भाऊ म्हणाला, “आक्का, दुसऱ्याची वस्तू हाय. जळली तर मी मेलो.” मी त्याच्या पाया पडले. धाकट्या भावाच्या. त्यानं पेटी उघडली.

रेडिओचे सुटे भाग जोडून तो बरेच दिवस झटला. कधी नुसती शिट्टी, कधी काहीच नाही. मालक पेटी न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सूर वर-खाली व्हायला लागला. वेडावाकडा, कानाला त्रास देणारा. मी त्याच दिवशी उंब्रजहून यांना घेऊन आले, हे समोर बसले. पहिले चेंडू गेले. मग एक लागला. मग त्यांचं तोंड उघडं राहिलं, मान सुराबरोबर तिरपी झाली आणि ते ठिपका परतवत राहिले. मी समोरच्या पट्टीवर होते. मला हरवल्यावर त्यांनी विचारलं, “खरं खेळलीस न्हवं?” मी खरंच खेळले होते.

दुसऱ्या दिवशी भावानं जोडलेलं सगळं काढून टाकलं आणि मालक पेटी घेऊन गेला. तसली दुसरी पेटी आम्हाला कधीच मिळणार नव्हती. एसटीत हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, लग्नानंतर पहिल्यांदाच. कराड मागं पडलं तरी त्यांचं बोट माझ्या मनगटावर खटका फिरवल्यासारखं हलत होतं. उद्या सकाळी उठल्यावर यांच्या हातात मी काय देणार होते, मला माहीत नव्हतं. खिडकीच्या काचेवर साचलेल्या धुळीत मी बोटानं रेघा ओढायला लागले.