लेडीज रूमच्या मावशी

“नाव नको सांगू. तारीख सांग.”

आमच्या कॉलेजच्या लेडीज रूममधल्या मावशींचं हे ठरलेलं वाक्य. एखादी मुलगी रडवेल्या तोंडाने दारात घुटमळली, की मावशी बोट जिभेला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटायला लागायच्या. शेवटची पाळी कधी आली, एवढंच त्यांना हवं असायचं. मुलगा कोण, कुठला, याची चौकशी नाही. मुली परीक्षेची तारीख विसरतील, पण मावशींपुढे ही तारीख विसरायची सोय नव्हती.

मावशी ठाण्याजवळच्या बाळकुमच्या. वडील मिठागरावर कामाला होते. मावशी कॉलेजात ठेकेदारामार्फत लागलेल्या. काम झाडलोटीचं आणि लेडीज रूमची किल्ली सांभाळायचं. अशी एखादी बाई तुमच्याही कॉलेजात तुम्ही पाहिली असेल. प्राचार्य बदलतात, ती तिथेच असते.

दिव्याहून येणारी एस.वाय.ची एक मुलगी बरेच दिवस माझ्या तासाला नव्हती. हजेरीवरून मी तिला दटावलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. खासगी दवाखान्याने गर्भपातासाठी आईवडिलांची सही मागितली होती, आणि सांगितलेला खर्च तर तिच्या आवाक्यातलाच नव्हता. मित्र कुठल्याशा मेडिकलमधून गोळ्या आणून देणार होता. शेवटी मावशीच तिला हाताला धरून सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या होत्या. तिथेही खिडकीवर विचारलंच, “नवरा कुठाय?”

“एकोणीस पुरी झालीत तिला,” मावशी म्हणाल्या. “सही तिचीच चालते. डॉक्टरला विचारा, नायतर मीच विचारते.”

खरं सांगते, ऐकून मला मावशींचा रागच आला. झाडू सोडून हिला या भानगडी कशाला, असं वाटलं.

वर्षभरात मीच त्या दारात उभी होते. तासिका तत्त्वावरची नोकरी, रजा घेतली की तास दुसऱ्याला. पदरात दोन वर्षांची मुलगी, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली. दुसरं मूल आम्हाला झेपणार नव्हतं, आणि खासगी दवाखानाही. मावशींनी कॅलेंडर उलटलं. “सात आठवडे. वेळेत आलात, मॅडम. घाबरायचं नाय.”

त्या दिवशी त्यांनी खाडा केला आणि माझ्याबरोबर सरकारी रुग्णालयात आल्या. सगळं आटोपल्यावर बाकावर माझ्याशेजारी बसून त्यांनी डबा उघडला. “खा गो,” म्हणाल्या. तांदळाची भाकरी होती. मी रडत रडत ती सगळी खाल्ली.

पुढे एका पालकाने तक्रार केली, ही बाई मुलींना बिघडवते. चौकशी समिती बसली. माझं अक्षर चांगलं, म्हणून वृत्तांत लिहायला मला बसवलं.

“कोणाकोणाला घेऊन गेलात?” अध्यक्षांनी विचारलं. “स्टाफपैकीही कोणी होतं, असं ऐकतोय. नाव सांगा, तुमचं काम राहील.”

मावशी टेबलाकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“नाय सायेब. स्टाफपैकी कोणी नाय.”

मी मान खाली घालून लिहिलं, ‘स्टाफपैकी कोणीही नाही, असे उत्तर दिले.’

महिनाअखेरीला ठेकेदाराने त्यांना कामावरून काढलं. मी साधा फोनही केला नाही. त्याची लाज वाटते, रोज वाटते.

गेल्या आठवड्यात लेडीज रूमच्या दारात एक मुलगी उभी होती. चेहरा पांढराफटक.

“मॅम, इथे त्या मावशी असायच्या ना?”

“आता नसतात.”

“ओके,” म्हणाली आणि वळली. जिन्याच्या चार पायऱ्या उतरलीसुद्धा.

“अगं, थांब,” मी हाक मारली. कॉरिडॉरमध्ये दोन प्राध्यापक उभे होते. माझा आवाज त्यांना ऐकू जाईल एवढा होता.

“चल, मी येते तुझ्याबरोबर. मीपण गेलेले.”