"रेंज नसतली, काका"

इथे कोड लिहिणारे बरेच आहात, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

गावातल्या मच्छीमारांना वादळी वाऱ्याचा इशारा पाठवणारा प्रोग्राम मी चालवतो. आज एडिटरमध्ये कोडची एक घडी, म्हणजे मिटवून लपवलेल्या ओळी, उघडेचना. बाण दाबला की उघडायची आणि लगेच मिटायची. दोन तास एडिटरला शिव्या घातल्या. एकेक एक्स्टेन्शन बंद करत गेलो, तेव्हा कुठे ती उघडली.

आत माझीच ओळ होती, इशारे थांबवणारी. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, म्हणून जूनमध्ये लिहिलेली. वर घडी घातली आणि होड्या पुन्हा दर्यात गेल्या तेव्हा ती काढायची विसरलो.

गेल्या आठवड्यात शेजारच्या इनासकाकांची होडी वाऱ्यात उलटली. काका पोहत आले. त्यांचा भाऊ आला नाही.

"बाबा, माका तुझो मेसेज इलोच नाय," काका दुसऱ्या दिवशी म्हणाले होते.

"रेंज नसतली, काका," मी म्हणालो होतो.

मघाशी हे सांगायला त्यांच्याकडे गेलो. काका अंगणाच्या टोकाला फोन उंच धरून उभे होते.

"आता दर्यात जावच्या आधी हयसर येवन रेंज बघतलंय," म्हणाले.

मी तसाच परत आलो. तुम्ही असता, तर तोंड उघडलं असतं?