सावे गुरुजींची हजेरी

धुमाळ गेले हे कुणी सांगण्याआधीच मला कळलं. रेडिओवर सकाळी सातची हजेरी दुसऱ्याच आवाजात सुरू झाली. तापानं फणफणलेला असला तरी हजेरी घेणारा हा माणूस... मी सेट बंद केला आणि सायकल काढून बोईसर गाठलं. दारात चपलांचा ढीग होता.

आम्ही हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना काढायचा, छपरावर तार ताणायची आणि घरबसल्या एकमेकांशी बोलायचं, एवढाच आमचा उद्योग. बायका त्याला रिकामटेकडेपणा म्हणत, आणि फारसं खोटं नव्हतं ते. पालघर, डहाणू, पार जव्हारपर्यंत आमची माणसं पसरलेली. आवाज ओळखीचे, चेहरे क्वचितच पाहिलेले. साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात मीटर दुरुस्त करायला आलेले धुमाळ आमचे म्होरके. ते एकेक नाव घेत, ज्यानं त्यानं 'हजर' म्हणायचं. सहा महिने जो बोलला नाही त्याचं नाव ते काढून टाकत. बोलायचं नाही तर जागा कशाला अडवता, हा त्यांचा सरळ हिशेब. आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माकुणसारचे सावे गुरुजी म्हणजे आमच्यातले बोलके. पानवेलीच्या बागेबद्दल सुरू झाले की थांबायचे नाहीत. एकदा धुमाळांनी सगळ्यांच्या देखत त्यांना तोडलं. "गुरुजी, तास संपला," म्हणाले. आम्ही पोट धरधरून हसलो. त्यानंतर आठवड्याभरात गुरुजींचा आवाज बंद झाला. फुगून बसले, असं आम्ही सगळे धरून चाललो. धुमाळ तर हट्टी. रुसलेत तर रुसू देत, म्हणाले, आणि सहा महिन्यांनी रीतसर नाव काढलं. बोईसरहून माकुणसार ते काय लांब? पण चौकशीला कुणी गेलं नाही.

पुढे माकुणसारलाच एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न निघालं. वाटेत गुरुजींचा रुसवा काढू, असं म्हणत धुमाळांनी मला त्यांच्या घरी नेलं. गुरुजी पडवीत खाटेवर होते. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. आम्हाला बघून घशातून नुसता आवाज आला. अर्धांगवायू झाला होता, त्याच आठवड्यात. मग गुरुजींच्या बायकोनं, काकूंनीच सांगितलं.

"वाचा गेली, पण कान शाबूत हाय त्यांचे. रोज सकाळी मशीन लावायला लावायचे मला. तुमी नाव घेतलं का डावा हात वर करायचे, पोरं शाळेत करतात तसा. मग एक दिवस नाव आलंच नाय... हात तसाच वर धरून बसले. मीच खाली घेतला. तवापासून लावू देत नाय."

धुमाळ खाटेशेजारी खाली जमिनीवर बसले. उद्यापासून नाव घेतो, गुरुजी, एवढंच म्हणाले. गुरुजींनी तोंड भिंतीकडे केलं. आम्ही लग्नाला न जाता तसेच परतलो.

दुसऱ्या दिवशी नाव घेतलं गेलं. माकुणसारचा सेट बंद आहे हे ठाऊक असूनही धुमाळ उत्तरासाठी थांबले. त्या हिवाळ्यात गुरुजी गेले, तरी नाव राहिलं. नव्या मुलांनी कुरकुर केली, मेलेल्या माणसाची हजेरी कसली घेता म्हणून. तेव्हा धुमाळ म्हणाले, "जिवंत होते तेव्हा मी काढलं होतं ना? आता ते काढायचा हक्क मला नाही."

मग त्यांना एक नवंच खूळ लागलं. कुणी पंधरा दिवस बोलला नाही की हे त्याच्या दारात. कधी एसटीनं जव्हार, कधी घिवलीपर्यंत पायपीट. डहाणूच्या एकानं सेट विकून फ्रिज घेतला होता. तो लाजून आत लपला. धुमाळ त्याच फ्रिजचं गार पाणी पिऊन आले. "धडधाकट आहे लबाड," असं मला खुशीत सांगितलं. पण एरवी त्यांचं हसणं कमीच झालं होतं. माकुणसारचा विषय मी एकदोनदा काढून पाहिला. ते उठून जात.

आता मंडळी म्हणतात, गुरुजींचं आणि धुमाळांचं, दोन्ही नावं काढू, नव्यानं सुरुवात करू. हजेरीचं काम माझ्याकडे आलंय, तेव्हा निर्णयही माझाच. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या, माकुणसारात विचारायला कुणी उरलं नाही. म्हणून परवा धुमाळवहिनींकडे गेलो. त्या दिवसाची हजेरी दुसऱ्याला सांगून ठेवली होती.

धुमाळांच्या खोलीत सेट चालूच होता. हात लावून पाहिला तर चटका बसेल इतका तापलेला. वहिनी, हा कधीपासून चालू आहे, मी विचारलं.

"हे गेले त्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही, भावोजी. एकदा बंद केला तर परत लावता येणार नाही."

तेवढ्यात सात वाजले. नावं सुरू झाली. धुमाळांचं नाव आलं, सगळे गप्प राहिले, नुसती खरखर ऐकू येत होती... पदर सावरून वहिनी सेटकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढचं नाव येईपर्यंत उभ्याच होत्या.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशासाठी आला होतात?"

सहज आलो होतो, म्हटलं.