धुतलेले नमुने

देवमन तायडे १९६१ साली अकोटच्या एका सहकारी तेलगिरणीत तपासनीस म्हणून लागला, तेव्हा पोत्यांची एक कोठी रिकामी करून तिला प्रयोगशाळा हे नाव दिले गेले होते. डब्यांवर शुद्धतेची सरकारी मोहोर हवी असेल, तर रोजच्या तेलाचा नमुना लाखबंद बाटलीत सहा महिने जपून ठेवणे भाग होते. इंटर सायन्स झालेला देवमन हे अक्षरशः पाळी. त्याची नेमणूक हंगामी होती. मोहोर मिळाली तरच ती कायम होईल, असे व्यवस्थापक खुशालरावांनी सांगून ठेवले होते; आणि गावात चार घरची भांडी घासणाऱ्या त्याच्या आईचा, मनकर्णाचा, सारा जीव त्या ‘कायम’ शब्दात अडकला होता.

सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना लागला. घाईत देवमन झाडणाऱ्या चतुराबाईला म्हणाला, “मावशी, कोठीत एकही वस्तू मळकी दिसू देऊ नका.”

तिसऱ्या प्रहरी तो परतला. फळीवर दीडशे बाटल्या पालथ्या, लखलखीत मांडल्या होत्या.

“यातलं तेल कुठं हाय, मावशी?”

“ढोरांच्या ढेपीवर ओतलं न बाप्पा. जुनं होतं, वास मारे. कागदं चिकटेल होते, ते नखानं खरडले. पाहुना येते तं आमी घर असंच घासून काढतो.”

तिच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला तत्काळ उमगले. आठ महिन्यांत त्या बाटल्यांत काय आहे, ते कशासाठी आहे, हे त्याने तिला कधी सांगितलेच नव्हते.

खुशालराव आले. “डोक्याले हात लावून काहून बसला? टाकीतलं तेल भर, चिठ्ठ्या लाव. अक्षर तं तुहंच हाय.”

“भाऊसाहेब, सहा महिन्यांचं तेल एकाच रंगाचं कसं दिसन?”

“तो सायेब काय आंघोळ करनार हाय त्यानं? नाई तं बाईले काढतो. कोनाची तरी मान लागन. तूच सांग कोनाची.”

देवमनने तीन बाटल्या भरल्या. चौथ्या चिठ्ठीवर तारीख लिहिताना त्याचा हात थांबला. त्या तारखेच्या तेलात आम्लता जास्त निघाली होती आणि सगळ्यांचा विरोध पत्करून त्याने माल अडवला होता. गिरणीत त्याचे म्हणणे चालले ते तेवढेच एकदा. ते खराब तेल आता त्याच्याच हस्ताक्षरात शुद्ध ठरणार होते. त्याने तिन्ही बाटल्या पुन्हा टाकीत रिकाम्या केल्या.

सकाळी अधिकाऱ्याने विचारले, “नमुने?”

“एकच आहे. आजचा.”

“बाकीचे?”

“मी धुवायला सांगितले.”

अधिकाऱ्याने मोहोरेच्या अर्जावर ‘सहा महिन्यांनी पुन्हा’ असा शेरा मारला. त्याला जीपपर्यंत पोचवून खुशालराव परतले. “महिन्याअखेर कोठीची चावी देऊन जाय,” ते म्हणाले.

दाराशी झाडू धरून उभी असलेली चतुराबाई हळूच म्हणाली, “माह्यं काई चुकलं का, बाबू?”

“नाई, मावशी,” देवमन म्हणाला, आणि त्या दिवसाच्या तेलाची आम्लता तपासायला बसला.