एक घास तोडलेली रोटी

फ्रीमाँटच्या रविवारच्या बाजारात उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या एक बाई बसायच्या. टेबलावर भरतकामाच्या टोप्या, सुके जर्दाळू आणि थाळीएवढ्या, वरच्या बाजूला नक्षी असलेल्या जाड गोल रोट्या. पुण्याला दर वेळी तीच ती चॉकलेटं नेऊन मी वैतागले होते, म्हणून भेटवस्तू त्यांच्याकडूनच घ्यायची.

टोप्यांवर त्या हसत घासाघीस करायच्या, पण रोटी उलटी ठेवलेली त्यांना खपायची नाही. एकदा मी घाईत पिशवीत उलटी टाकली, तर माझा हात बाजूला सारून त्यांनी ती सरळ केली.

त्यांच्यामागे तंबूच्या दांडीला एक वाळलेली रोटी टांगलेली असे. कडेचा एक घास तोडलेला.

"ही द्याल का? किचनमध्ये शोभेला लावीन," मी एकदा विचारलं.

"ती विकायची नाही," त्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "मुलगा अमेरिकन आर्मीत आहे, इराकला गेलाय. आमच्यात लांब जाणारा निघताना एक घास खातो. उरलेली परत येऊन संपवतो."

घरी दिवसभर कुणी नसायचं, म्हणून ती रोटी एकटी न ठेवता त्या सोबत आणायच्या.

मला माझ्या हौसेची लाज वाटली, आणि त्या गडबडीत मी भलतंच बोलून गेले. "पण ती तर आता दगड झाली असेल!"

त्यांनी रोटी खाली काढली, रुमालाने सावकाश पुसली आणि पुन्हा टांगली.

"त्याचे दात चांगले आहेत," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.