वर चढलेली रेषा

"बसू द्या त्यायले पाच मिनिटं." पेशंट दारात दिसला की आमचे डॉक्टर घड्याळाकडे बघत हे म्हणायचेच. बीपी मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तुम्ही कधी सोमवारी सरकारी दवाखान्यात गेला असाल, तर तिथली पाच मिनिटं म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको. मी मनातल्या मनात म्हणायचे, बाबा रे, तू आज आहेस उद्या नाहीस, ही रांग मलाच आवरायची आहे.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. डॉक्टर आर्वीकडचे, वडील एसटी डेपोत मेकॅनिक. एमबीबीएस झाल्यावर फॅमिली मेडिसिनचं पुढचं शिक्षण घेत होते आणि त्यातलाच काही काळ आमच्याकडे काढायचा होता. त्या शिक्षणात एक प्रोजेक्ट असतो. दवाखान्यातलं एखादं काम आधी मोजायचं, त्यात छोटासा बदल करायचा, पुन्हा मोजायचं आणि काय सुधारलं ते दाखवायचं. त्यांनी बीपी निवडला, त्याला कारण आमच्याकडची पेशंटांची कार्डं. सगळ्यांवर एकशे वीस-ऐंशी.

"अख्ख्या गावाचा एकच बीपी काऊन आहे, सिस्टर?" त्यांनी विचारलं. मी हसले, तेही हसले. तेव्हाच रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी इंजेक्शनच्या खोलीबाहेर ड्रॉइंगचा कागद लावला. कितीजणांचा वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला ते पाहून दर सोमवारी त्यावर एक ठिपका द्यायचा, आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. रेषा वर गेली की काम सुधारलं.

पाच मिनिटांवर सगळे कुरकुरायचे, एक शेवंताबाई सोडून. पन्नाशीची बाई, कापूस वेचायला जायची, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन यायची. बाकावर टेकली की डोळे मिटायची. "घरी कोनी बसू देते का मले? इथं डाक्टर स्वता म्हनते, बसा." डॉक्टरांना तिचं फार कौतुक.

रेषा मात्र हलेना. वेचणीचे दिवस, बायका गोळ्या विसरत, सोमवार चुकवत. डॉक्टर कागदासमोर उभे राहून गाल चोळायचे. "चालते, सिस्टर. खरं दिसून राह्यलं, हेच खूप झालं." असं म्हणायचे खरे, पण चेहरा एवढासा व्हायचा. कॉलेजात मोठ्या डॉक्टरांपुढे प्रोजेक्ट मांडायची तारीख जवळ येत होती. मला त्या पोराची दया यायची.

एका सोमवारी कुणाचा तरी एकशे चव्वेचाळीस आला. मी अडतीस लिहिलं. सहाने काय मोठं आभाळ कोसळतं? पुढच्या सोमवारी तिघांचं केलं. मग हात सरावला. शेवंताबाईंचा एकशे अडुसष्ट आला, तो सोमवार मला लख्ख आठवतो. मी एकशे अडतीस लिहिलं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, "वा, मावशी!" म्हणाले आणि तीच गोळी पुढे चालू ठेवली. आकडा चांगला म्हटल्यावर वाढवतील कशाला?

रेषा चढली. डॉक्टरांनी वडनेरच्या स्टँडवरून गरम आलूबोंडे आणले. "हे तुमच्यामुळं झालं, सिस्टर." मी दोन खाल्ले.

प्रोजेक्ट मांडायला चार दिवस असताना शेवंताबाईंना शेतातच लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. तिला ॲम्ब्युलन्समधून वर्ध्याला पाठवलं आणि डॉक्टर आत येऊन तिचं कार्ड वाचत बसले. अडतीस, अडतीस, छत्तीस, अडतीस. मग दुसऱ्याचं कार्ड काढलं, मग तिसऱ्याचं.

"सिस्टर, हे आकडे पेशंटचे आहेत का तुमचे?"

मला रडू फुटलं. "तुमच्यासाठीच केलं, सर."

"मी कधी म्हटलं का, रेषा वर पाहिजे म्हणून?"

"नाही, सर."

"तोंडानं नाई म्हटलं," ते म्हणाले. "पण दर सोमवारी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मले समजाले पाहिजे होतं."

पुढचे चार दिवस ते मोटरसायकलवर मशीन बांधून घरोघर फिरले, एकेकाचा बीपी पुन्हा घेतला, कित्येकांच्या गोळ्या वाढवल्या. मग कॉलेजात जाऊन सगळ्यांपुढे सांगितलं, "ही रेषा खोटी आहे, आकडे माझ्या देखरेखीत चुकीचे लिहिले गेले आणि एका बाईला त्याची शिक्षा झाली." प्रोजेक्ट नामंजूर झाला, शिक्षण सहा महिने लांबलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्या म्हणून मी म्हटलं होतं, एकदाच, तेही हळू आवाजात. "तुमची नोकरी जाईन," एवढंच ते म्हणाले.

शेवंताबाई घरी आल्यावर डॉक्टर तिला चुकीच्या आकड्यांचं सांगायला निघाले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "येता का?" मी म्हटलं, आज लसीकरण आहे. होतंही, पण ते अकरालाच संपलं. ते एकटे गेले. मुदत संपल्यावर तिकडे गडचिरोलीकडे कुठं तरी गेले म्हणतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

गेल्या सोमवारी मुलाचा हात धरून शेवंताबाई आली. उजवा हात लुळा, म्हणून मी डाव्या दंडाला पट्टा बांधला.

"तो डाक्टर अजून फोन करते मले," ती म्हणाली. शब्द जड येतात आता. "गोळ्या घेतल्या का, म्हनते."

"चांगला माणूस आहे," मी म्हणाले.

"असन. 'माही चूक झाली' म्हनत माह्या पायाशी बसला होता. पन मी त्याले माफ नाई केलं, सिस्टर. तुमच्याजवळ खोटं कायले बोलू? तुमी आपल्या आहा."

मी पट्ट्यात हवा भरू लागले. घरी येऊन मी हे सगळं लिहून काढलं. शेवंताबाईला वाचता येत नाही, हे लिहायला बसतानाच मला पक्कं ठाऊक होतं.