लोह्याचा सांधा

रस्त्यानं नांदेडहून लातूरला निघालं की लोहा वाटेतच लागतं. रेल्वेनं जा म्हटलं तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा. हा अन्याय मी इतक्या पत्रकांत लिहिला, की लोह्याच्या बाजारात भजी माझ्याच पत्रकात बांधून मिळायची. वाचत कुणीच नव्हतं. लोह्यावरून थेट रेल्वे हवी म्हणून सोमवारी नांदेडला कलेक्टर कचेरीवर आमचा मोर्चा होता, आणि लोह्याची माणसंच आली नाहीत तर तो मोर्चा कसला? वाचत नाही ना? मग दाखवतेच! बाजारात प्लायवूडवर खेळण्यातली रेल्वे मांडायची ठरवली.

लातूरला मोटारींचं वायरिंग करणारा माझा एक मित्र आहे. गाडी, रूळ त्यानं जमवले. अडलं ते सांध्यापाशी. सांधा म्हणजे रूळ जिथं फुटतात ती जागा. तिथली रुळाची हलती पात सरळ राहिली की गाडी परभणीकडं, जरा सरकली की लोह्याकडं. ती लांबून सरकवायची कशानं? तयार यंत्रं इंटरनेटवर होती. किंमत बघून डोकंच फिरलं. नखाएवढी पात हलवायला एवढे पैसे? हौससुद्धा श्रीमंतांनीच करायची काय?

"बोटानं हलव की," मित्र म्हणाला.

"म्हणजे लोक म्हणतील, पोरीनं ढकलली म्हणून गाडी आली!"

"मग बस पत्रकं वाटत."

इंजेक्शनच्या दोन सिरिंज पाणी भरून नळीनं जोडून पाहिल्या. नळी निसटली आणि प्लायवूडवरची परभणी भिजली. मग त्यानं भंगारातल्या कारच्या दाराच्या लॉकची मोटार आणली. बॅटरीची वायर टेकवली मात्र, खट्! पात सरकली. मी उडीच मारली. बटणं कुठली लावायची ते मी ठरवलं: पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरची, हिरवं आणि लाल. शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही.

"हे बटण दाबून लगेच सोडायचं हां," मित्र म्हणाला. "धरून ठेवलं तर मोटार जळंल."

मी ठळक अक्षरांत पाटी लिहिली: दाबा आणि सोडा.

बाजारात ही गर्दी! मी ओरडून सांगत होते, "हिरवं दाबा, गाडी लोह्याला आणा! सोमवारी नांदेडला मोर्चाला या!" एक फेटेवाले काका पुढं आले. त्यांनी अंगठा हिरव्या बटणावर ठेवला आणि दाबून धरला.

"काका, सोडा!"

"थांब की बाई. उचलू दे मोटार."

"काका, पाटी वाचा!"

"पाटी काय वाचायची? रोज पंपाची मोटार चालू करतो मी. धरल्याबिगर उचलत न्हाई ती."

धूर निघाला. मोटारीची पकड सुटली, पात मागं आली आणि गाडी लोह्याला टाटा करून परभणीला गेली.

"बघा! म्हणलं व्हतं न्हवं, लोह्याला गाडी यायची न्हाई!" कुणीतरी ओरडलं. सगळा बाजार हसला, आणि माणसं पांगायला लागली. माझा सोमवारचा मोर्चा माझ्या डोळ्यांसमोरून पांगत होता.

मित्र मात्र त्याच्या मोटारसायकलपाशी उकिडवा बसला होता. त्यानं क्लचची केबल इंजिनाकडून सोडवली, मोटारसायकल टेबलाला भिडवली, केबलचं टोक तारेनं पातीला बांधलं आणि पात मागं ओढायला एक स्प्रिंग अडकवली. क्लच दाबला, गाडी लोह्याला. सोडला, पात स्प्रिंगनं मागं, गाडी परभणीला. फुकट! आणि धरून ठेवलं तरी काहीच जळत नव्हतं.

"काका, या. आता धरा किती धरायचं ते!"

काका मोटारसायकलवर बसले आणि क्लच आवळला. आगगाडी सांध्याशी आली, डुलली, वळली, आणि लोह्याच्या पुठ्ठ्याच्या स्टेशनात शिरली. काय शिट्ट्या पडल्या! पांगलेली माणसं पळत आली. भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "सरका हो, आता माझी पाळी!" काकांचा हात दुखायला लागला तर मावशींनी त्यांच्या बोटांवरूनच क्लच धरला. मधे सोडायचा नाही, गाडी परभणीला जाईल, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. रांग लागली. पाटी कुणीच वाचली नाही, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

बाजार उठला तरी रांग हलेना. काका तर दुसऱ्यांदा येऊन बसले होते.

"काका, क्लच द्या ना," मित्र काकुळतीला आला. "मला लातूर गाठायचंय."

"आधी हे सांग," क्लच तसाच आवळून काका म्हणाले, "सोमवारी यायचं कितीला?"